आर्वोच्या अंगणातला नियम

आर्वो नीमेला कुणाला 'नाही' म्हणत नसे. नुसतं अंगणातल्या होडीकडे बोट दाखवायचा.

उत्तर मिनेसोटातला डांबरी रस्ता ऑटर तळ्याशी, आर्वोच्या धक्क्यापाशी संपतो. पुढे जंगल, तळ्यामागून तळं, आणि दोन तळ्यांच्या मधे दगडाधोंड्यांची पायवाट. तिथे होडी पालथी करून खांद्यांवर घ्यायची नि चालू लागायचं. म्हणून होडी भाड्याने मागणाऱ्याने ती शेडपासून पाण्यापर्यंत एकट्याने वाहून न्यायची, हा आर्वोचा नियम. नेली तर जा. नाही नेली तर त्याची बायको लेम्पी कॉफी नि वेलदोड्याचा पाव पुढे करायची, आणि शिकागोहून आलेला माणूस मुकाट शिकागोला परत. धंद्याचं वाटोळं करायला ह्याहून सोपी युक्ती नाही. पण सांगणार कोण?

शेजारी गळाची गांडुळं विकणारा डेल ओबर्गही त्यातलाच. नवी नवरी घेऊन आला होता आणि तिच्यादेखत होडीखाली बसकण मारली. पाय घसरला, असं तो अजून सांगतो. कुणी विचारलेलं नसताना सांगतो.

दर वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटला की गिऱ्हाइकं यायच्या आधी नवराबायको स्वतः आत जंगलात जात, ट्राउट मासे धरायला. लग्नापासून एकही खेप चुकली नव्हती. तेवढ्याच आशेवर आर्वो हिवाळा काढायचा. तसं तो बोलून दाखवायचा नाही, ते सोडा. यंदा मात्र बर्फावर आपटून त्याचा खांदा मोडला. हाड जुळलं, पण जोर काही परतला नाही.

लेम्पीने नव्या, हलक्या होडीचा विषय काढून पाहिला. असली होडी दिवाणखान्यात कपबशा मांडायला बरी, असं आर्वोचं मत पडलं. बरं, दोघं मिळून उचलू, ती म्हणाली. नियम एकट्याचा आहे, तो म्हणाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असा असता तर सुखी झाला असता. पण हा मेला सरळ माणूस.

बर्फ फुटल्यावर एका सकाळी त्याने होडी मांडीवर घेतली, झोक देऊन खांद्यांवर चढवली आणि लाकडांच्या ढिगापर्यंत नेली. तिथे खांद्याने दगा दिला. ॲल्युमिनियमची होडी अशी आदळली की पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकलं. डेल एक पाऊल पुढे आला. आर्वोने त्याच्याकडे पाहिलं. डेल गांडुळांकडे वळला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस उजाडला, तर बिचाऱ्याला आनंदही होईना.

"झालं," आर्वो म्हणाला. "मी जात नाही."

आवाज नेहमीचाच. पण टोपी काढून हातात धरली होती.

लेम्पीने एप्रन सोडून लाकडांवर टाकला. जन्मभर तिने पिशव्याच वाहिल्या होत्या. हा नियम तिला कुणी लावलाच नव्हता. वाकली, होडी मांडीवर, मग खांद्यांवर, आणि निघाली. मधे झोकांडी गेली. दोन्ही पुरुष जागचे हलले नाहीत, कारण ह्या अंगणात हात लावणं म्हणजे नापास करणं. पाण्यात होडी उतरवून ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिली. मग जाऊन मागच्या फळीवर बसली. होडी वळवतो तो मागचा, आणि ती जागा लग्नापासून आर्वोची.

"मी पास झाले," ती म्हणाली. "आता बरोबर कुणाला न्यायचं ते मी ठरवणार. पिशव्या उचलशील?"

आर्वोने टोपी उलटसुलट करून पाहिली, डोक्यावर घातली आणि पिशव्या आणल्या. गुपचूप पुढे बसला. तिला आता त्याची नुसती पाठ दिसत होती.

धक्का मागे पडला. समोर खडक आला. ही वाट लेम्पीला झोपेतही सापडली असती, तरी तिने विचारलं, "डावीकडून घेऊ की उजवीकडून?"



"मागे बसेल त्याने ठरवायचं असतं," आर्वो म्हणाला, आणि त्याने वल्हं पाण्यात घातलं.