भिंतीवरचं निशाण

धायरीच्या मुक्ताबाईने फौजेमागून तीन स्वाऱ्या पायी काढल्या होत्या. तिचा नवरा जयसिंग हा आप्पासाहेब सरदारांच्या पथकाचं निशाण धरणारा शिपाई. कर्नाटकच्या स्वारीत नदी ओलांडताना फौजेला गनिमाने गाठलं. मागचे लोक पार होईतो जयसिंग निशाण रोवून पाण्यात उभा राहिला आणि तिथेच पडला. आप्पासाहेब त्याआधीच पलीकडे पोचले होते. हे तिने काठावरून पाहिलं होतं.

पुढे पोटासाठी ती पुण्यात आप्पासाहेबांच्याच वाड्यावर राबू लागली. दिवाणखान्यात त्या लढाईचं चित्र काढायला दत्तोबा चितारी आले, तेव्हा रंग खलायचं काम तिच्याकडे आलं.

"तुम्ही तिथं होतात म्हणे," दत्तोबा म्हणाले. "निशाण कसलं होतं?"

आपण काय बोलतो ते बघायला ह्याला वाड्यातल्या कुणीतरी विचारायला लावलंय, असं तिला वाटलं. तिने मुद्दाम ‘पांढरं’ म्हणून ठोकून दिलं.

दोन दिवसांनी दत्तोबांनी हातातला कुंचला खाली ठेवला. "निशाण भगवं होतं. शिपायांना विचारून आलो. खोटं का सांगितलंत?"

"तुमी येवढं खोदून का इचारताय?"

"चित्र खरं उतरावं म्हणून."

तिचा पुरता विश्वास बसला नाही, तरी ती बोलत गेली. कमरेइतकं पाणी, मोडकं चाक, बुजलेला बांडा बैल.

चित्र झाकलेलं असताना एका दुपारी तिने पडदा उचलला. पाणी, चाक, बैल, सगळं तिने सांगितलं तसंच. निशाण मात्र आप्पासाहेबांच्या हातात होतं. जयसिंग कुठेच नव्हता.

"मग मला कशाला इचारलंत?" तिने दत्तोबांना गाठलं.

"भोवतालचं खरं असलं, की मधल्याबद्दल कोणी शंका घेत नाही, बाई," ते खाली बघत म्हणाले.

त्याच संध्याकाळी ती धायरीला परतली. पहाटे जात्यावर ओवीत जयसिंगची हकिकत गाऊ लागली. शेजारणी येऊन बसत, सूर धरत. एकदा गाताना तिच्या तोंडून निघून गेलं की, तो पांढऱ्या घोड्यावर होता.

तिने जातं थांबवलं. जयसिंग जन्मभर पायीच चालला होता.

दुसऱ्या दिवशी तिने ओवीतून घोडा काढला.

"ऱ्हाऊ द्या की घोडा," शेजारची विजयमाला म्हणाली. "बरा दिसतोय."

मुक्ताबाईने जात्यात मूठभर दाणे टाकले. बायकांनी घोड्यासकट ओवी म्हटली. ती एकटी गप्प बसून दळत राहिली.