पुढे आलेली भिंत

जलतरण तलावाच्या फिल्टरघरात वर्षानुवर्षे पंप सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे 'अंगठेबहाद्दर' म्हणत. ते निरक्षर होते म्हणून नव्हे. सही तर ते चांगली वळणदार करत. शर्यतीच्या दिवशी स्टॉपवॉचवर त्यांचा अंगठा जितका नेमका पडतो तितका दुसऱ्या कोणाचाच पडत नाही, असा त्यांचा लौकिक होता. जुन्या निकालपत्रांशी ताडून पाहता या लौकिकात थोडी अतिशयोक्ती आढळते. त्यांचेही घड्याळ इतरांच्या तुलनेत कधी जरा पुढे, कधी जरा मागे दिसते. ते स्वतःही हे नाकारत नसत. "अंगठा आहे, चुकायचाच," ते म्हणत. "फक्त रोज एकाच बाजूला चुकू नये."

याच कारणाने प्रत्येक लेनला तीन घड्याळे असत आणि तिन्हींतली मधली वेळ ग्राह्य धरली जाई. निवृत्त ड्रिलमास्तर बहुधा उशिरा दाबत. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई हात भिंतीला टेकण्याआधीच दाबून मोकळ्या होत.

"मास्तर, पोरगी अंग पुसून घरी गेली. आता दाबा," बाई म्हणत.

"तुम्ही तर तिनं उडी मारायच्या आधीच निकाल लावाल," मास्तर उत्तर देत.

या दोघांच्या ओढाताणीतून मधली वेळ बऱ्यापैकी खरी निघे.

स्वतःची मुलगी पोहत असली की अंगठेबहाद्दर तिच्या लेनवर बसत नसत. हा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता. मुलगी सतरा वर्षांची. चारशे मीटरमध्ये निवड संघासाठी ठरवलेल्या वेळेच्या आत येणे, एवढ्याचसाठी दोन वर्षे तिची धडपड चालली होती, आणि दर खेपेला सेकंदाचा एखादा अंश आडवा येत होता. वयोगटाच्या हिशेबाने हे तिचे शेवटचे वर्ष होते.

त्या वर्षी तलावाची दुरुस्ती होऊन खोल बाजूच्या भिंतीला नव्या फरशा लागल्या. तलाव उघडल्यावरच्या पहिल्याच शर्यतीत मुलगी वेळेच्या आत आली. फार नव्हे, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने, पण आत. मास्तरांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला. इतकी दुर्मीळ घटना कोणाच्याही लक्षात राहावी.

अंगठेबहाद्दरांच्या मात्र दुसरेच लक्षात राहिले. त्या दिवशी सगळेच वेगाने पोहले होते. सरावाला दांडी मारणारे, सर्दीने बेजार झालेले, एवढेच नव्हे तर दरवर्षी थोडे थोडे मंदावत चाललेले पेन्शनर आजोबासुद्धा. लोक म्हणाले, नवे पाणी मानवले. पंपवाल्याला ठाऊक होते की पाणी जुनेच आहे. दुरुस्तीच्या वेळी ते साठवणीच्या टाकीत काढून पुन्हा सोडले होते.

घरी जेवताना ते म्हणाले, "सगळ्यांचे अंगठे एकाच दिवशी एकाच बाजूला चुकत नाहीत."

"अहो, पोरगी निवडली गेली," बायको म्हणाली. "जगाच्या चुका मोजायला तुम्ही एकटेच उरलात का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशा बसवणाऱ्या गवंड्याला बोलावले आणि पोलादी टेपचे एक टोक त्याच्या हाती दिले. टेप ताणून त्यांनी लांबी पुन्हा पुन्हा मोजली. दर वेळी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडे. कधी टेप जरा सैल, कधी हात हललेला. पण एकदाही पंचवीस मीटर भरले नाहीत. दर वेळी तीन सेंटिमीटरच्या आसपास कमीच.

"जुन्या फरशा काढल्या नाहीस?"

"काढल्या असत्या तर भिंत उकलली असती, साहेब. त्यांच्यावरच बसवल्या. दिसतंय का कुठं वाईट?"

वाईट कुठेच दिसत नव्हते. चारशे मीटर म्हणजे सोळा फेऱ्या. सोळा वेळा तीन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर. मुलीच्या वेगाने तेवढे अंतर कापायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. पाचव्या हिश्शाचे यश त्यात बुडाले.

तलावाच्या सेक्रेटरींनी मुलीच्या वेळेच्या दाखल्यावर अजून सही केली नव्हती. ते म्हणाले, "तीन सेंटिमीटरनं काय होतं हो? पोरं पोहताना त्याहून जास्त वाकडी जातात."

"वाकडी जातात ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि त्याचा तोटा त्यांचा त्यांनाच. ही भिंत दर फेरीला दोन बोटं पुढं येऊन भेटते. घड्याळं तीन लावा नाहीतर तीस, ती भिंतीचं काही सांगणार नाहीत."

त्या दिवसाच्या सगळ्या वेळा रद्द झाल्या. सेक्रेटरींनी तसे लेखी दिले.

मुलीने ऐकून घेतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझ्याच वेळी टेप सापडली?" त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. काही हवे असले की ते आईकरवी कळे.

निवडीची मुदत संपायला दोन रविवार उरले होते. शेजारच्या शहरातल्या तलावावर दोन्ही रविवारी शर्यती होत्या. पहिल्या रविवारी ती पोहली आणि सेकंदाच्या दोन शतांशांनी बाहेर राहिली. तीन अनोळखी घड्याळांपैकी एक आत होते, दोन बाहेर.

परतीच्या बसमध्ये ती आपण होऊन बोलली. "ही कोणाची चूक? माझी की अंगठ्याची?"

"सांगता येत नाही. एवढं अंतर अंगठ्यात सहज बसतं."

"याला टेप नाही?"

"नाही. भिंतीची चूक एकदा सापडली की वजा करता येते. ही सापडत नाही. कधी तुझ्या बाजूनं पडेल, कधी उलट."

खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "म्हणजे अंगठ्याला वावच ठेवायचा नाही."

पुढच्या रविवारी शेवटच्या चार फेऱ्या ती जीव तोडून पोहली. अंगठेबहाद्दर प्रेक्षकांच्या बाकावर होते. हातात घड्याळ नव्हते, तरी अंगठा मुठीत दाबलेला होता. निकाल लागला. मधले घड्याळ सोडाच, सर्वांत उशिरा थांबलेले घड्याळही ठरलेल्या वेळेच्या आत होते, आणि तेही चांगल्या पाव सेकंदाने.

ओले केस पिळत ती बाकाजवळ आली. आई तिला मिठी मारायला उठली होती, पण तिने आधी वडिलांकडे पाहिले.

"बाबा, इथली भिंत मोजलीत?"

"सकाळी आल्या आल्याच. तलावाच्या माणसाला टेपचं टोक धरायला लावलं. दोन मिलिमीटर जास्तच भरली."

"मग ठीक," ती म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली.