पाओचूच्या तीन पट्ट्या

कुओ पाओचूनं एकतीस वर्षं डांबर कापलं. काओशुंग बंदराजवळच्या एका रस्ते-प्रयोगशाळेत तिचं काम ठरलेलं होतं. डांबर-खडीची लादी करवतीखाली सरकवायची, पावणेदोन वीत लांबीच्या पट्ट्या काढायच्या आणि एकेक यंत्रात अडकवायची. यंत्र पट्टीला सेकंदाला दहा वेळा वाकवायचं. तिचा ताठपणा निम्म्यावर आला की ती गेली असं धरायचं, आणि किती वेळा वाकून गेली तो आकडा वहीत उतरवायचा. त्या आकड्यांवर वरच्या मजल्यावरचे लोक मॉडेल बांधत आणि रस्ता किती वर्षं टिकेल ते सांगत. पाओचूचा उजवा कान करवतीच्या आवाजानं खाल्ला होता. गुडघे तर कधीच गेले होते.

बंदरातून महामार्गाला जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या डांबरात जुन्या रस्त्यांचा खरवडलेला मालही मिसळायचा होता. त्या मिश्रणाच्या तिनं बारा पट्ट्या तपासल्या. नऊ नीट चालल्या. तीन मात्र बाकीच्यांच्या पाव आयुष्यातच गेल्या. मॉडेलचं काम तेव्हा डॉक्टर फान बघत. त्यांनी आलेखावरचे ते तीन ठिपके पेन्सिलीनं खोडले.

"कापताना करवत हलली असणार, पाओताई."

"नाही हलली, सर. या तिन्हींत जुन्या रस्त्याचा खरवडलेला माल जास्त आलाय. बघा ना, डांबर कसं कोरडं ठणठणीत झालंय."

"असू दे हो. वय होतं तसा हात हलतोच."

अहवालात छापून आलं : 'तीन नमुने कापणीतील दोषामुळे वगळले.' तिनं वाद घातला नाही. पण नव्यानं आलेली मंडळी करवतीपाशी उभं राहून तिच्या हाताकडे बघू लागली. हळूहळू तिलाही शंका येऊ लागली. लादी एकदा मापायची ती दोनदा मापू लागली, आणि संध्याकाळी घरी जायला रोज उशीर.

बारा वर्षं टिकायचा तो रस्ता चौथ्याच वर्षी चाकांच्या वाटेत मगरीच्या पाठीसारखा तडकला. फान तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेली शिह रोयिन एका दुपारी खाली आली. जेवणानंतरच्या रोजच्या डुलकीसाठी दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपले होते. पाओचू तेवढी डब्यातला भात चिवडत बसली होती.

"झोपला नाहीत, ताई?"

"डोळे मिटले की कानात करवत सुरू होते. बोल."

"वगळलेल्या तीन नमुन्यांचे आकडे हवे होते. फायलीत नाहीत."

"आकडे वहीत आहेत. पट्ट्या त्या कपाटात."

रोयिन बघतच राहिली. "पट्ट्या ठेवल्यात तुम्ही?"

"तुमच्या मॉडेलला नको होत्या. मला टाकवल्या नाहीत."

मग रस्त्याला डांबर पुरवणाऱ्या त्याच कारखान्याच्या ढिगातून, त्याच प्रमाणात माल आणून पुन्हा बारा पट्ट्या कापायच्या ठरल्या. तीन आठवडे गेले. चार पट्ट्या लवकर गेल्या. जुना माल ढिगात सारखा मिसळलेलाच नव्हता. रोयिननं दुबळ्या पट्ट्यांनाही मॉडेलमध्ये जागा दिली, तेव्हा रस्त्याचं आयुष्य साडेचार वर्षं निघालं.

हे निकाल मांडायच्या बैठकीला फानना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी जुन्या पट्ट्या बराच वेळ उलटसुलट करून पाहिल्या.

"तेव्हा अहवालाची घाई होती, पाओताई."

"माहीत आहे, सर."

"कापणी चोख होती तुमची."

"तेवढं अहवालातलं ते वाक्य दुरुस्त करता येईल का?"

रोयिननं टिपून घेतलं. महिन्याभरानं दुरुस्त केलेलं पान आलं. पाओचूनं ते एकदा वाचलं आणि खणात ठेवलं. आनंद व्हायला हवा होता. तिला नुसतं कुठंतरी बसावंसं वाटलं.

घरी नवऱ्यानं, वेनलायनं, तिच्यासमोर पेजेचा वाडगा ठेवला. "काय म्हणतात तुझे साहेब लोक?"

"म्हणतात, आता मॉडेल बरोबर आहे."

"मग झालं तर."

"झालं कुठलं. खात्री करायला आणखी चोवीस पट्ट्या कापायच्यात."

तो हसला. तीही थोडी हसली, आणि खारवलेला मुळा पुढं ओढून जेवू लागली.