बादली उचललीच नव्हती
गल्लीत तिला बादलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या पोरी एकमेकींना विचारायच्या, "बादलीबाईंकडे जागा आहे का गं?" तिच्या कानांना काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते पोटात.

दुर्बिणीतून गर्भाशय काढलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून बजावलं होतं, "पोटावर नखाएवढ्या खुणा आहेत, म्हणून फसू नका. आत योनीमार्गाचं वरचं टोक शिवून बंद केलंय. ते भरायला वेळ लागतो. तीन महिने वजन उचलायचं नाही आणि नवऱ्यानं जवळ यायचं नाही."

नवऱ्यानं मान डोलावली. मान डोलवायला त्याला कधीच कष्ट पडत नसत.

महिना उलटला तसा तो म्हणाला, "जखम तर दिसतसुद्धा नाही." ती नको म्हणाली. पुन्हा नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी रक्त थांबेना. टाके उसवले होते. भूल देऊन परत शिवावं लागलं. आत नेताना कुणीतरी विचारलं, कशानं झालं? दाराशी नणंद उभी होती. लाजेनं हिच्या तोंडून निघून गेलं, "बादली उचलली."

खोटं तिचंच. पण त्या बादलीला पाय फुटले ते नवऱ्यामुळे. दुकानात, जिन्यात, भेटेल त्याला तो सांगे, "ऐकतच नाही हो. काठोकाठ भरलेली. मी धावलो, तोवर उचललीसुद्धा." दर खेपेला बादली मोठी होत गेली. नणंद म्हणाली, "तुझ्या हट्टापायी माझ्या भावानं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या." तिनं ते गिळलं. पचवलं मात्र नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी आतून, दुर्बिणीतूनच शिवते. आता खालून, योनीमार्गातून शिवावं का, असा विचार चाललाय. म्हणून कुणाचे टाके टिकले, कुणाचे कशानं उसवले, हे प्रत्येकीला विचारतेय. तुमचे बादलीनं ना?"

नवरा पुढे सरसावला. "बादली होतीच. पण तुमचा टाकाच कच्चा, मॅडम. मी तक्रार करणार आहे."

ती त्याच्याकडे वळली. डॉक्टरांसमोर तो बादलीचं बोलेल, याची किती दिवस वाट पाहिली होती तिनं.

"अहो, बादली कुठल्या रंगाची होती?"

"आता रंग कुठला... निळी."

"आपल्या घरात निळी बादली नाही. आणि त्या दिवशी मी पलंगावरून उठलेच नव्हते. मग उचलली कुणी?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

"डॉक्टरांना सांगा. नाहीतर तुमच्या ताई बाहेर बसल्यात, त्यांनाही आत घेते."

तो स्वतःच्या बुटांशी बोलल्यासारखा म्हणाला, "मी थांबलो नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या नको म्हणाल्या होत्या?"

आज मान डोलवायला त्याला फार कष्ट पडले.

"एवढ्यावर भागलं," जिन्यात तो पुटपुटला. त्याला वाटलं, भागलं.

परत निघाले तेव्हा चाक नणंदेच्या हातात होतं. वहिनीकडे फुकटात शिकणं चाललं होतं तिचं. ही शेजारी, नवरा मागे.

"काय म्हणाली डॉक्टरीण? पुन्हा बादलीबिदली उचलू नका म्हणाली असेल."

"डावीकडे घ्या, ताई. अजून. हं."

गाडी कडेला गेली आणि थांबली.

"अगं, मी ब्रेक दाबलाच नाही."

"मी दाबला. शिकवणारीच्या पायाशी वेगळा असतो." ती मागे वळली. "अहो, बादलीचं सांगा ताईंना."

"घरी जाऊन बोलू."

"घरी नको. घरी तुम्हाला दार लावून घेता येतं."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिनं खिडकीतून हात काढून शांतपणे पुढे जायची खूण केली.

"तुमचं होऊ द्या सावकाश," ती नवऱ्याला म्हणाली. "मला कुठं घाई? मला आरामच सांगितलाय."

नणंद आरशातून भावाकडे बघत होती. "काय केलंस रे तू?"

तिनं पाय ब्रेकवरून काढला नाही.