नर्सबाईंनी टॅब तपासला

कळंबमधली निम्मी माणसं जन्माला आली तेव्हा चंद्रभागा रोकडे यांनी त्यांना पायाला धरून उलटं केलं होतं. त्यामुळे गावात त्यांच्यासमोर कुणी फार ताठ्यात बोलत नाही. चौतीस वर्षं उपकेंद्रात नोकरी करून निवृत्त झाल्या, तरी नाव नर्सबाईच राहिलं. नवरा मधेच कधीतरी भिवंडीला दुसरा संसार थाटून बसला. त्याचा विषय निघाला की बाई शांतपणे म्हणायच्या, "गेला ते बरं झालं. घोरायचा."

मी त्यांच्या शेजारी राहते. त्यामुळे टॅबचं सगळं प्रकरण मी पहिल्या दिवसापासून पाहिलं.

सत्तरावा वाढदिवस म्हणून भाचा रत्नदीप पनवेलहून आला. आत्याला आमच्या घरांमागच्या मृगजळ रिसॉर्टमध्ये जेवायला घेऊन गेला आणि तिथेच टॅब हातात ठेवला. तिथल्याच वायफायवर चालू करून दाखवला. घरी आल्यावर पुढच्या खोलीत वायफायचा डबाही बसवून दिला. टॅबला एक जाडजूड काळं कव्हर होतं. माडीवरून टाकला तरी फुटायचा नाही, असं रत्नदीप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बुद्धविहार समितीचे चिटणीस कपिल गुरुजी आले. त्यांना फार आनंद झाला. "आता तुमी घरबसल्या प्रवचनं ऐकाल, बाई."

"ऐकीन की," बाई म्हणाल्या. गुरुजी वळल्यावर माझ्याकडे बघून हळूच बोलल्या, "मला कबड्डी बघायचीय गं. रविवारी फायनल हाय."

शाळेत असताना बाई तालुक्याच्या संघात चढाईला जायच्या. एकदा चौक गावच्या मुलीचं कोपर फोडलं होतं, हे त्या आजही अभिमानाने सांगतात.

पण टॅब दोन दिवसांत आडवा झाला. रात्रभर चार्जिंगला लावला तरी सकाळी तीन टक्के. जरा जीव आला आणि स्वयंपाकघरात नेला की वायफाय जाई आणि पडद्यावर रूम नंबर विचारला जाई. बाईंनी आधी घर नंबर टाकला, दोनशे चौदा. नाही चाललं. मग 'स्वयंपाकघर' असं टाकून बघितलं. मग एक शिवी टाकली, तीही चालली नाही.

रत्नदीपने फोनवर सांगितलं, "आत्या, बंद करून चालू कर."

"तुमच्या सगळ्या पिढीला एवढाच इलाज येतो काय रं?" म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बुधवारी आम्ही दोघी रिक्षाने कर्जतला गेलो. बाजारातल्या दुकानदाराने कव्हर काढलं, टॅब उलटसुलट केला, आपली वायर लावली आणि तोंड वाकडं केलं. "बोर्ड गेला असंल. दोन दिवस ठेवून जा."

"कधीपासून दुखतंय, काय दुखतंय, काय इचारलं नाय आन एकदम अ‍ॅडमिट? शिकलास कुठं?" बाईंनी टॅब उचलायला हात घातला आणि थबकल्या. टॅबवर हिरवी बॅटरी होती. नऊ टक्के, मग दहा, मग अकरा. तो पठ्ठ्या मजेत चार्ज होत होता.

दुकानदार म्हणाला, "माझी वायर चांगली हाय." आणि कव्हर परत चढवून तशीच एक वायर त्याने आम्हाला विकली.

घरी येऊन नवी वायर लावली. तासाभराने दोन टक्के उतरलेलेच.

बाई पडवीत बसल्या, चष्मा पुसला आणि नोकरीतला जुना आवाज काढला. "समिधा, कागद घे. दवाखान्यात पेशंट बरा, घरी आजारी. काय फरक हाय ते लिही."

मी लिहिलं: वायर तशीच. टॅब तोच. बाईंनी प्लग बदलून बघितला, माझ्या घरातलाही लावून बघितला. तसंच. मग त्या टॅबकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि एकदम हसल्या.

"अगं, त्या माणसानं ह्याचे कपडे काढले होते. आमी पण आधी तेच करायचो. लुगड्यावरून कुणाला तपासता येतं व्हय?"

कव्हर काढलं. पिन टक्कन आत बसली आणि बॅटरी हिरवी झाली. कव्हर इतकं जाड होतं की त्याच्या भोकातून पिन अर्धीच आत जात होती.

"वाट अरुंद हाय," बाई म्हणाल्या. "थोडा छेद द्यायला लागंल." कपाटातून त्यांनी आपली जुनी कात्री काढली, ती उकळली (हो, खरंच उकळली) आणि रत्नदीपच्या महागड्या कव्हरचं भोक दोन्हीकडून कातरलं. कव्हर घातलेल्या टॅबमध्ये पिन आता पूर्ण बसली. "टाके घालायची गरज नाय," असंही वर सांगितलं.

राहिलं वायफाय. या वेळी मी पडद्यावरचं नीट वाचलं. रूम नंबरच्या वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मृगजळ रिसॉर्टमध्ये आपले स्वागत आहे.

बाई टॅब घेऊन तडक रिसॉर्टवर. तिथला मॅनेजर ऋतिक, कडाव गावचा. त्याला बाईंनी पायाला धरून उलटं केलं नसलं तरी सगळ्या लशी त्यांनीच टोचल्या होत्या. बाईंना बघून तो आपोआप उभा राहिला.

"तुझं वायफाय माझ्या चुलीपर्यंत येतंय रं. आन वर मलाच रूम नंबर इचारतंय!"

ऋतिक घाबरला, मग हसायला लागला. मागच्या कुंपणावर त्यांनी गेल्या महिन्यात नवा अँटेना लावला होता. वाढदिवसाला टॅबने इथलं नाव लक्षात ठेवलेलं, म्हणून स्वयंपाकघरात गेलं की तो घरचा डबा सोडून इकडे चिकटत होता. "आजी, ह्याला विसरायला सांगायचं. हे बघा, नावावर बोट दाबून ठेवा, 'विसरा' येतं. झालं."

बाई बोट वर धरून तशाच थांबल्या. "मला नवरा इसरायला अकरा वर्षं लागली. ह्याला एक बोट?"

"तुमच्या वेळी ही सोय नव्हती, आजी," ऋतिक म्हणाला. बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि 'विसरा' दाबलं.

रविवारी संध्याकाळी आठला टॅब स्वयंपाकघरातल्या डाळ-तांदळाच्या डब्यांना टेकवून ठेवला. बॅटरी शंभर टक्के, वायफाय घरचं. कपिल गुरुजी पौर्णिमेच्या कार्यक्रमाची यादी घेऊन आले तेव्हा आतून आवाज येत होता, "पाय धर त्याचा! अरं मुडद्या, पाय!"

गुरुजी दारातच थबकले. "बाई, हे कुठलं प्रवचन?"

"बसा, ऐका. समजंल."

गुरुजी दोन मिनिटांसाठी बसले. दहाव्या मिनिटाला यादी मांडीखाली गेली. विसाव्या मिनिटाला ते बाईंशी भांडत होते की चढाईवाल्याचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला होता की नव्हता. बाईंचा संघ दोन गुणांनी हरला. त्यांनी पंचाच्या जन्माबद्दल जे काही उद्गार काढले, ते त्या स्वतः तिथे हजर असल्यासारखे होते. गुरुजी मात्र रेषेवर अडून बसले. शेवटी बाईंनी ती चढाई पुन्हा लावली, थांबवली, बोटांनी पाय मोठा करून दाखवला, आणि दोघंही डोळे बारीक करून त्या अंगठ्याकडे बघत राहिले. तोवर चुलीवरचा भात करपला होता.