टिटवीने दिलेला षटकार

कामशेतच्या बाजारात फकरुद्दीन मुलाण्यांचं तांदळाचं दुकान आहे. दुकानात ते इतकं हळू बोलतात, की गिऱ्हाईकाला दोनदा विचारावं लागतं. पण चैत्रात भाताच्या रिकाम्या खाचरांमध्ये क्रिकेटचे सामने सुरू झाले, की भाच्याचा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पांढरा डगला चढवून ते पंच म्हणून उभे राहतात, आणि मग त्यांचा ‘नो बॉल’ पार रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जातो.

दिलेला निर्णय त्यांनी कधी बदलला नाही. एकदा सख्ख्या मेहुण्याला पायचीत दिलं. आपल्या टेनिस बॉलच्या सामन्यात पायचीत धरतच नाहीत, हे नंतर ध्यानात आलं. तरी मेहुणा बाद तो बादच. त्या ईदला सासुरवाडीहून शीरखुर्मा आला नाही.

यंदा सामन्यांच्या आधी सीमारेषा आखायला ते मैदानात फिरत होते. एकाएकी पायाखालून टिटवी उठली आणि तिने ओरडून सगळं शिवार डोक्यावर घेतलं. फकरुद्दीन खाली वाकले. गवत नाही, काडी नाही. ढेकळांतल्या खळग्यात चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. अजून एक पाऊल पडतं तर आम्लेटच!

“भाई, उचलून बांधावर ठिवू की,” गावच्या संघाचा कप्तान मारुती म्हणाला.

“तुझं घर उचलून कुणी हायवेवर ठेवलं तर? राहू दे. ती आधीची, आपण नंतरचे.”

त्यांनी अंड्यांभोवती चुन्याचं मोठं रिंगण आखलं आणि नियम काढला : रिंगणात चेंडू गेला की दोन धावा, आत कुणी पाय टाकायचा नाही.

टिटवीला हा नियम कुणी सांगितला नव्हता. अंतिम सामना बेगडेवाडीच्या संघाशी होता. त्यांचा कप्तान शौनक, पुण्यात नोकरी करणारा, मनाने हळवा. चेंडू अडवायला तो रिंगणाच्या बाजूने धावला, तशी टिटवी एक पंख जमिनीवर फरफटत लंगडायला लागली.

“अहो, हिचा पंख मोडलाय!” शौनक चेंडू सोडून टोपी पुढे करत तिच्यामागे गेला. तिने त्याला दोन बांध ओलांडून नेलं, आणि मग धडधाकट पंखांनी उडून ती माघारी आली. तोवर मारुती चार धावा पळाला होता. जरा उसंत मिळाली, की ती पाण्याच्या पिंपाखालच्या चिखलात पोट भिजवून येई आणि गार अंगाने अंड्यांवर बसे. मग पुन्हा आरडाओरडा.

शेवटचा चेंडू उरला. मारुतीच्या संघाला जिंकायला सहा धावा हव्या होत्या. मारुतीने बॅट फिरवली, चेंडू सरपटत रिंगणाकडे गेला आणि अलीकडेच थांबला. क्षेत्ररक्षक मात्र मान खाली घालून सुसाट येत होता, त्याला थांबता येईना. फकरुद्दीन जागा सोडून धावले. “अरे अंडी! अंडी बघ!”

टिटवीला आरडाओरडा करणारा हाच माणूस जास्त धोक्याचा वाटला. वरून सूर मारून ती थेट त्यांच्या टाळूवर आली. टोपी उडाली. फकरुद्दीननी किंकाळी फोडून दोन्ही हात डोक्यावर नेले.

“पंचाचे दोन्ही हात वर! षटकाऽर!” माइकवरचा निवेदक ओरडला. हलगी वाजायला लागली. मारुतीला पोरांनी खांद्यावर घेतलं.

“भाई, चेंडू इथं पडलाय,” शौनक रडवेला झाला. “सिक्स कसली?”

फकरुद्दीन डोकं चोळत उभे राहिले. नाचणारे सगळे त्यांच्याच गावचे, त्यांच्याच दुकानातून तांदूळ नेणारे. बांधावर त्यांची बायको उम्मेहानी तोंडात पदर कोंबून हसत होती. गप्प राहणं सोपं होतं. ते माइकपाशी गेले.

“मी दिलेला निर्णय मागे घेत नाही,” ते म्हणाले. “पण ही सिक्स मी दिलीच नाही. टिटवीने दिली. आणि तिला पंच कुणी नेमलंय?”

“आवं भाई, हात तर तुमचंच व्हतं!” मारुती खांद्यावरूनच ओरडला.

“डोकंही माझंच होतं. ते वाचवत होतो.”

चेंडू पुन्हा टाकायचं ठरलं. मारुती हिरमुसून खेळायला उभा राहिला, डोळे मिटून त्याने बॅट फिरवली आणि त्याची मधली यष्टी उडाली. चषक बेगडेवाडीला गेला.

पुढे बरेच दिवस मारुती दुकानासमोरून मान वळवून जायचा. उम्मेहानीने त्या किंकाळीची नक्कल सगळ्या बाजाराला करून दाखवली. फकरुद्दीन मात्र रोज सकाळी दुकान उघडण्याआधी खाचराकडे चक्कर मारायचे. घरी सांगायचे, फिरायला जातो. एका सकाळी अंडी नव्हती. चुन्याच्या रेषेवरून काड्यांच्या पायांवर उभे कापसाचे चार गोळे तुरुतुरु पळत होते, आणि आई त्यांच्या नावाने नाही, फकरुद्दीनच्या नावाने ओरडत होती.

पुढल्या मोसमासाठी मारुतीने दुसरा पंच शोधून पाहिला. उन्हात दिवसभर उभं राहून शिव्या खायला कुणी तयार होईना. शेवटी नाइलाजाने तो दुकानाची पायरी चढला.

“येतो,” फकरुद्दीन हळूच म्हणाले.

“आं?”

“येतो म्हटलं! पण हेल्मेट लागेल.”