सुधाआत्याचं नाक

"हीच ना ती, वास घेणाऱ्या बाईंची भाची?"

"वास घेऊनच थांबतात असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

हळदीकुंकवाला जमलेल्या त्या दोघींनी आवाज खाली आणला होता, पण वर्तकनगरातल्या खोल्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या. मी हरभरे रुमालात बांधले आणि कोणाचा निरोप न घेता घरी आले. घरी सुधाआत्या खिडकीशी बसून निमुळत्या काचेच्या पेल्यात नाक घालून होती. समोर शेजारचे कर्णिककाका निकालाची वाट पाहावी तसे खुर्चीच्या कडेवर टेकले होते.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. वागळे इस्टेटमध्ये बिस्किटांसाठी, सरबतांसाठी इसेन्स बनवणाऱ्या कंपनीत ती केमिस्ट होती. दिवसभर वास घेणं हेच काम. कंपनीत अधूनमधून एक म्हातारा स्कॉटिश सल्लागार येई. तिचं नाक पाहून त्याने तिला सिंगल माल्ट चाखायला शिकवलं. सिंगल माल्ट म्हणजे अंकुरलेल्या सातूपासून एकाच भट्टीत काढलेली व्हिस्की, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

कुणाचा भाऊ आखातातून आला, कुणाला साहेबांना बाटली द्यायची असली, की कॉलनीतले पुरुष आमच्याकडे येत. बाटली भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी.

आत्या पेल्याच्या तळाशी थोडीशी ओतायची, तळव्यांनी ऊब द्यायची, मग ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडायची. "गुदमरलेली असते बिचारी बाटलीत. जरा श्वास घेऊ द्या तिला." मग डोळे मिटून बोलू लागायची. "ओल्या लाकडांवर बंब पेटवलाय कुणीतरी. आणि मागून आयोडिन येतंय, गुडघा फुटल्यावर लावतात ते." नाहीतर, "ही गोड आहे हो. तुपात फुगलेला बेदाणा. शेवटी मात्र संत्र्याची साल दाताखाली आली." आणि मग घोट शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायची. आईला पिण्यापेक्षा ते थुंकणंच जास्त लागायचं.

त्या दिवशी तिने कर्णिककाकांना विचारलं, "तुमचे साहेब लोणचं कुठलं खातात?"

"लोणचं? लिंबाचं गोड, बहुतेक. डब्यात पाहिलंय."

"मग ही धुराची त्यांना देऊ नका. महिनाभर तुमच्याशी बोलणार नाहीत. मी दुसरं नाव सांगते, ती मागवा."

काका ते नाव पुटपुटत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी जिन्यात मी आणि आत्या काकांच्या समोर आलो, तेव्हा त्यांच्यासोबत काकू होत्या. काका आत्याकडे न पाहता बाजूने निघून गेले. तिने त्यांना जायला वाट दिली आणि मला म्हणाली, "चल, दूध आणायचंय."

माझी शाळा कॉन्व्हेंट. मैत्रिणींच्या घरी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बाटल्या मांडलेल्या असायच्या. त्यांच्यात असले की मला आमच्या भाजीच्या पिशव्यांची लाज वाटायची आणि कॉलनीत आले की बाटल्यांची. दोन्हीकडे मी गप्पच असायचे.

एकदा धीर करून मी तिला म्हटलं, "तू पीत नाहीस, थुंकून टाकतेस, हे लोकांना सांगत का नाहीस?"

ती ड्रॉपर धूत होती. "कारण ते खरं नाही. चांगली असली की शेवटचा घोट मी गिळते. आवडतं मला. आता काय आवडतं त्याचाही दारोदार खुलासा करत हिंडू?"

तिने थोडंसं खोटं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तेव्हा मला वाटलं.

पुढे माझं लग्न ठरत आलं. डोंबिवलीची मंडळी बैठकीला यायची होती. मुलगा मला आवडला होता, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "वन्सं, उद्या ना..."

पुढचं बोलायची वेळ आलीच नाही. "मी कोपरला शकूकडे जाते," आत्या म्हणाली. शकू तिची जुनी मैत्रीण. "केव्हाची बोलावतेय ती."

मी तिथेच ताटं पुसत होते. पुसत राहिले.

सकाळी निघताना तिने पेला कपाटात कपड्यांमागे सरकवला, माझ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. दारातून मागे वळून म्हणाली, "माझ्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव गं. वास राहतो."

बैठक सुरळीत चालली होती. मुलाची आई माझ्या आईशी मानपानाचं बोलत होती. तेवढ्यात मुलाचे वडील उठले आणि बाबांना गॅलरीत घेऊन गेले. मी त्यांचा चहा घेऊन मागोमाग गेले.

"तुमच्या बहीणबाई दिसत नाहीत?" ते हळूच म्हणाले. "ऑफिसात त्यांचं फार नाव ऐकलंय हो. भावाने दुबईहून एक पाठवलीय, पिशवीतच आहे. म्हटलं, दाखवून घ्यावी. फक्त आमच्या हिच्या कानावर नको."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "ती गावाला गेलीय."

"अरेरे. पण एका परीने बरंच झालं म्हणा. चारचौघांत त्या बसल्या असत्या तर आमच्या हिला चाललं नसतं."

बाबा हसले. कसंनुसं, पण हसले. मी ट्रे कठड्यावर टेकवला. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. आत बसलेल्या दोघीही बोलायच्या थांबल्या.

"आत्या गावाला गेलेली नाही. ती कोपरला आहे. तुमच्यासमोर आम्हाला तिची लाज वाटली असती, म्हणून आम्ही तिला घराबाहेर ठेवलंय."